पुढची मेंढी

सिस्टरनं ट्रेमधली काचेची लहानशी बाटली उचलली आणि तिचं निळं टोपण अंगठ्यानं उडवलं. टोपण फरशीवर पडलं, गरगरत गेलं आणि स्वप्नालीच्या चपलेला टेकून थांबलं. तिनं वाकून ते उचललं. असली टोपणं तिनं आजवर किती हाताळली असतील याला हिशेब नव्हता, पण ती कुरकुंभला, कंपनीत, हातमोजे घालून. इथं, दौंडच्या या दवाखान्यात, आईच्या खाटेखाली ते सापडलं तेव्हा कामावरचं माणूस भलत्याच गावच्या बाजारात समोर यावं तसं तिला झालं. ओळख द्यावी की मान फिरवावी. नाव वाचायची गरज नव्हती, तरी तिनं बाटलीकडं पाहिलं. कंपनीचंच होतं. "जरा हात धरा हो आजींचा," सिस्टर म्हणाली, "जुनी सुई सुजलीय, दुसरीकडं लावायचीय. पण सुई दिसली की हात आखडून घेतात, शीर सापडतच नाही." स्वप्नालीनं टोपण पर्समध्ये टाकलं आणि आईचा हात धरला. धरला म्हणजे दाबला नाही. कोपराखाली डावा तळवा ठेवला, मनगटावर उजव्या हाताचा अंगठा, आणि आपल्या हाताचं नुसतं वजन तिथं असू दिलं. थोड्या वेळानं आईच्या दंडातली ओढ गेली, बोटं उलगडली, मान उशीवर कलली. सुई आत गेली तेव्हा आईच्या, कुशाबाईंच्या, पापणीखेरीज काही हललं नाही. "जादूच आहे बाई तुमच्या हातात," सिस्टर चिकटपट्टी लावत म्हणाली. "या आमच्याकडं नोकरीला. तुमच्या हातात कशा शांत राहतात बघा." स्वप्नाली हसली, म्हणजे तिचे ओठ हसले. तुमच्या हातात शांत राहतात. हेच वाक्य, याच शब्दांत, काल सतीश सरांनी म्हटलं होतं. फक्त ते आईबद्दल नव्हतं.

आईचा हात तिनं लगेच सोडला नाही. तो तापलेला होता, चार दिवस ताप हटत नव्हता, फुप्फुसात पाणी झालंय असं डॉक्टर म्हणत होते. आणि तरीही तिच्या तळव्याला तो हात नेहमीचा वाटत होता. हे तिला आत्ता कळलं आणि कसंतरीच झालं. सशाचं अंग मुळातच माणसापेक्षा गरम असतं. माणसाला जो ताप, ती सशाची रोजची तब्येत. अकरा वर्षं रोज त्या ऊबेत हात घालून तिच्या तळव्यांची समजूत बदलली होती. गार हात हातात आला की ते दचकत, आणि तापानं फणफणलेल्या आईचा हात धरून ते म्हणत होते, सगळं ठीक आहे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कंपनीत सलाईनमधून, शिरेतून द्यायची औषधं होत. एका वेळी बनलेल्या प्रत्येक घाण्यातलं थोडं औषध आधी तीन सशांना द्यायचं, कानाच्या कडेच्या शिरेतून, आणि त्यांना ताप येतो का ते बघायचं. ससे लाकडी खोक्यात ओळीनं बसायचे, मानेभोवती सैल पट्टी, मागून तापमापीची बारीक तार. ताप आला तर औषधात काहीतरी मिसळलं आहे, तो घाणा बाद. नाही आला तर बाटल्या गाडीत चढून गावोगाव जात. म्हणजे अकरा वर्षं ती ताप न येण्याची वाट बघत बसली होती. पण ससा हे भित्रं जनावर. कुणी चुकीचा धरला, खोलीत भांडं पडलं, नुसता कुणाच्या हाताला अनोळखी वास आला, तरी भीतीनंच त्याचं अंग तापतं आणि चाचणी फुकट जाते. त्यामुळं औषध निर्दोष आहे की नाही हे कळायला आधी ज्याची सशांना भीती वाटत नाही असं एक माणूस लागे. तिच्याबरोबर भरती झालेल्या दोन मुली महिन्याभरात दुसऱ्या खात्यात गेल्या. ती राहिली. दौंडच्या कॉलेजातली बीएस्सी तिला नोकरीच्या दारापर्यंत घेऊन आली होती, आतमध्ये तिला ठेवलं ते या हातांनी. न्हावऱ्याला, माहेरी, लोक थट्टा करत. "मल्हारी मेंढक्याची लेक, शिकली-सवरली, आन् आता सशं राखती." तिचे वडील, आबा, हयात होते तोवर सुपारी कातरत म्हणत, "राखती न्हवं? मग झालं तर."

"काय उचललंस गं खालनं?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"टोपण हाय. औषधाचं. आमच्याच कंपनीचं निघालं."

"म्हंजी तुझ्या सशांनी आधी बघितल्यालं?"

"व्हय."

"मग काय भ्या न्हाई," कुशाबाई म्हणाल्या आणि कूस बदलायला गेल्या, पण नळी ताणली म्हणून तशाच राहिल्या.

ते ससे आता नऊ उरले होते, आणि उद्या सकाळी एकही राहणार नव्हता. सतीश सर कंपनीचे जनावरांचे डॉक्टर. वाईट माणूस नव्हता. काल त्यांनी तिला केबिनमध्ये बसायला सांगितलं, पंखा वाढवला, स्वतःच्या नखांकडं बघत सांगितलं की नवीन चाचणीला मंजुरी आली, सशांची गरज संपली. हे तिला माहीत होतं, पेढा खाल्ला होता तिनं त्याचा. पुढचं माहीत नव्हतं. पुण्याची एक संस्था ससे न्यायला तयार होती, पण वरून नकार आला. "फोटो निघतात, स्वप्नालीताई. पिंजऱ्यातून सुटका वगैरे. मग त्यात कंपनीचं नाव येतं. आणि खरं सांगू का, म्हातारे झालेत ते, बाहेर किती जगतील?" तिनं विचारलं, मी नेऊ का घरी, न्हावऱ्याला जागा आहे. "गेटबाहेर एकही जनावर जायचं नाही असं लेखी आहे," ते म्हणाले.  "शुक्रवारी सकाळी करू. जास्तीचा भुलीचा डोस, कानातूनच. नेहमीसारखंच. त्यांना फरक कळणार नाही. पण तुम्ही धरलं तर. तुमच्या हातात ते शांत राहतात. सक्ती नाही हं. तुम्हाला नको असेल तर राजूला सांगतो." हाउसकीपिंगचा राजू सशाला कान धरून उचलायचा. तिनं दोनदा सांगितलं होतं, त्यानं दोन्ही वेळा "जी दीदी" म्हटलं होतं आणि कान धरूनच उचललं होतं. शुक्रवारी सकाळीच सांगते, असं ती सरांना म्हणाली. बाहेर आल्यावर न्हावऱ्याला भावाला फोन लावला होता, तेव्हा सरांचा नकार अजून तिच्या डोक्यात पुरता शिरला नव्हता. "शंभू, नऊ सशं आणलं तर ठिवशील का?" शंभू म्हणाला, "आण की. दोन रविवार रस्सा व्हईल." मग ती काही बोलेना तसा वरमला. "अगं गंमत केली. आण तू. पर आपली कुत्री हायती दोन, ध्यानात ठेव. आन् आईला कसं हाय?"

दवाखान्यातून ती कामावर गेली. कँटीनमध्ये गौतमी तिची वाट बघत होती. पुढ्यातलं ताट तसंच, पोळीचे नुसते तुकडे केलेले. गौतमी तपासणी खात्यातली, दौंडचीच, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. नवीन चाचणी हे तिचं लेकरू होतं. माणसाच्या रक्तातल्या पेशी काचेच्या ताटलीत, त्यात औषधाचा थेंब, आणि ताप यायच्या आधी पेशी ज्या खुणा सोडतात त्या मोजायच्या. दोन वर्षं तिनं त्याचा पाठपुरावा केला, सशांचे आकडे आणि ताटलीचे आकडे शेजारी ठेवून वरच्यांना दाखवत राहिली. मंजुरी आली त्या दिवशी पेढ्याचा पुडा घेऊन ती सशांच्या खोलीपर्यंत धावत आली होती. ताई, सुटले बघा, सुटले!

"तुम्ही नाही म्हणा, ताई," आता ती म्हणाली.

"मग राजू धरील."

"राजूपण नाही म्हणाला तर?"

"राजूला घरी पैसे पाठवायचे असतात. तो कशाला नाही म्हणंल?"

"म्हणजे कायम हेच. कुणीतरी वाईट धरणार, म्हणून आपण चांगलं धरायचं." गौतमीनं ताट सरकवलं. "माझी आज्जी रोज सकाळी वंदना घेते. पहिलंच शील जीव न घेण्याचं. मी शेजारी बसून म्हणते आणि दोन वर्षं मनात म्हणत होते, थांब, थोडे दिवस थांब, सोडवते मी त्यांना. आता कुठल्या तोंडानं म्हणू? मी ती ताटली आणली नसती तर ते जगले असते की नाही? खोक्यात का होईना?"

"पुढचे वाचले की. जे आणले असते ते."

"जे नाहीतच ते वाचले," गौतमी म्हणाली. तिचे डोळे भरून आले म्हणून ती रागावली. "आणि तुम्हाला काय हो, तुम्ही अकरा वर्षं सुया टोचल्यात त्यांना. तुम्हाला सवय आहे."

शेजारच्या टेबलावरचे दोघं बघायला लागले. स्वप्नालीनं पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. तिला राग आला नव्हता. ती विचार करत होती की हे खरं आहे का. "आज आईला आपलं औषध लावलं," ती म्हणाली. "सशांनी न बघितलेली बाटली असती तर मी लावू दिली नसती, गौतमी. खरं तेच सांगते. तू ताटली आणलीस म्हणून यापुढं लावू देईन. तू चांगलंच केलंस."  गौतमी नाक पुसत म्हणाली, "कशा आहेत आई?" आणि थोड्या वेळानं, "सॉरी ताई. ते सवयीचं बोलले ते." स्वप्नाली म्हणाली, "अगं, सवय तर आहेच." 

पाळी संपवून कुरकुंभहून दौंडला जीपमध्ये बसली तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं जीप, रस्त्यावर पडलेल्या उसाची कांडी चाकाखाली फुटत होती आणि तो कच्चा गोड वास आत येत होता. त्या वासाबरोबर डोळ्यांपुढं ती फळी आली. ती अशीच यायची, न बोलावता. लांब, जाड, मधे वाकलेली फळी, तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेल्या आडव्या पट्ट्या, एक टोक जमिनीत आणि दुसरं ट्रकच्या पाठीवर. तेव्हा त्यांचा वाडा अजून फिरता होता. वाडा म्हणजे घर नव्हे; मेंढरं, घोडी, पालाचं सामान, कोंबड्या, कुत्री आणि माणसं मिळून जो होतो तो वाडा. न्हावऱ्याच्या, केडगावच्या शिवारात कुणाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढं जायचं. ती सात-आठ वर्षांची असताना एक मेंढी व्याली आणि कोकरू मागं ठेवून मेली. आबांनी ते कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं. पांढरं, कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. बाटलीनं दूध पाजून तिनं ते वाढवलं. टिकली तिच्यामागं मागं फिरे, ती ओढ्यावर बसली तर ओढ्यावर, घोडीवर बसली तर घोडीखाली. जिभेचं टोक टाळूला लावून आबा मेंढरांना निववायला एक बारीक टक-टक आवाज करत, तो तिनंही उचलला. तो काढला की टिकली जिथं असेल तिथून येऊन तिच्या काखेत तोंड घाली.

मेंढरू फळीवर आपणहून चढत नाही. चढवायला गेलं की पाय रोवतं, एक बिथरलं की सगळी बिथरतात. पण एक पुढं चढलं की बाकीची मुकाट मागं. म्हणून व्यापाऱ्याचा ट्रक आला की आबा तिला हाक मारत. ती टिकलीला घेऊन फळीवर चढायची, टक-टक करत, थेट आत केबिनच्या भिंतीपर्यंत. मागोमाग फळीवर खुरांचा आवाज व्हायचा, पावसाची सर आल्यासारखा. गाडी भरली की व्यापाऱ्याचा माणूस केबिनच्या टपावरून वाकून आधी तिला वर ओढून घ्यायचा, मग टिकलीला, आणि दोघींना पलीकडं आबांच्या हातात सोडायचा. व्यापारी तिला लिमलेटची गोळी द्यायचा. अर्धी ती खायची, अर्धी टिकलीला. वाड्यातल्या बाया कौतुकानं म्हणत, पोरीच्या हातात काय हाय गं. तिला ती कोपऱ्यातली जागा आवडायची. तिथं थांबलं की वरून हात येतात हे दोघींना पाठ झालं होतं. टिकली तर तिथं पोचली की आपोआप मान वर करायची.

मग एक वर्ष आलं की टिकली व्यालीच नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. ट्रक आला, त्या दोघी चढल्या, गाडी भरली, वरून हात आले आणि तिला उचलून घेतलं. आबांच्या हातात गेल्यावर तिनं मागं पाहिलं, पण पुढचे हात आलेच नाहीत. टप रिकामा होता. आबा म्हणाले, "आज तिला उतरवायचं न्हाई." ते असं म्हणाले की पुढं विचारायला जागाच राहिली नाही. ट्रक सुरू झाला. बाकीची मेंढरं एकमेकांच्या अंगात तोंडं खुपसून उभी होती, आणि फळ्यांच्या फटीतून तिला दिसलं, त्या कोपऱ्यात टिकली मान वर करून उभी होती. ओरडत नव्हती. ती थांबली होती. गोळी मिळाली ती मुठीत विरघळून हात चिकट झाला, तो तिनं कितीतरी वेळ धुतला नाही. त्यानंतर ती फळीवर चढली नाही, आबांनीही बोलावलं नाही. पुढं शाळा, मग वाडा मोडून न्हावऱ्यात दोन एकरांत बसणं, कांदा, गाया. आबांशी ती शेवटपर्यंत चांगलंच बोलली. पण एक दार मधे लोटलेलं राहिलं, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हाही ते लोटलेलंच होतं.

दवाखान्यात आली तर आई उशीला टेकून बसली होती, नाकाला प्राणवायूची नळी, समोर डाळीच्या पाण्याची वाटी तशीच. स्वप्नालीनं चमचा हातात घेतला. दोन चमचे गेले, तिसऱ्याला आईनं तोंड फिरवलं. "तुझं त्वांड का उतरलंय?" काही नाही म्हणायला ती गेली आणि भलतंच बोलून बसली. "उद्या सशं मारायचं हायती. समदं. आता काम न्हाई त्यांचं."

"कोन मारनार?"

"डॉक्टर सुई देनार. धरायला मी."

कुशाबाईंनी मान खिडकीकडं वळवली. स्टेशनावरची घोषणा वाऱ्यावर तुटत तुटत येत होती. "खायाला मारनार का?"

"न्हाई. पुरनार, न्हाईतर जाळनार."

"मग रं देवा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना खाण्यासाठी मारलेलं समजत होतं, विकलेलं समजत होतं. हे कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. मग धाप आवरत म्हणाल्या, "टिकली आठवती का तुला?"

इतक्या वर्षांत हे नाव घरात कुणी काढलं नव्हतं. स्वप्नालीनं वाटी खाली ठेवली.

"तुझ्या आबानं त्या रोजापास्नं फळीवं पुढची मेंढी कवा घातली न्हाई. तुला ठावं न्हाई, तू तवा मामाकडं शाळंला. एकेक मेंढरू पायाला धरून फराफरा वडायचा. मेंढरं वराडायची, लाथा घालायची, ह्याच्या नडग्या फुटायच्या. व्यापारी बोंबलायचा, मल्ल्या, येडा झाला का काय, एवढा येळ कुनाला हाय? बाया हसायच्या. म्या बी म्हनलं, आवो एक पुढं घाला की, सुखानं चढत्याल. तर म्हनला, इकायचं तर इकू. पर फसवायचं न्हाई. वराडू द्या त्यास्नी. तेवढा हक हाय." कुशाबाई थांबल्या, श्वास गोळा करत राहिल्या. "तुला कदी बोलला न्हाई. लाजायचा तुला."

स्वप्नालीनं आईची चादर सरळ केली, ती सरळच होती. तिला रडू आलं नाही. आबांच्या फुटलेल्या नडग्या तिला दिसल्या. त्यांवरचे काळे डाग तिनं पुढं वर्षानुवर्षं पाहिले होते आणि ते चालण्याचे, काट्याकुट्याचे डाग आहेत असं धरलं होतं. दार लोटलेलं होतं तेव्हा पलीकडं ते उभे होते तर. रात्रभर शंभू थांबणार होता, म्हणून ती खोलीवर आली. नवरा रेल्वेत, बदलीवर मनमाडला. खोलीत कुणी नव्हतं. भात लावला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरली. ती शिकलेली होती, एखादी गोष्ट पटली तरी तिला उलटी करून बघायची तिला खोड होती. ओरडायचा हक्क म्हणजे काय? पायाला धरून ओढलेली मेंढी ओरडली, भ्याली, तिला लागलं, आणि गेली तिथंच गेली. त्या ओरडण्यानं तिला काय मिळालं? मिळालं असेल ते आबांना. नडग्या फुटल्या म्हणून त्यांना झोप लागत असेल. आणि टिकली? ती शेवटच्या घटकेपर्यंत वरून हात येतील म्हणून उभी होती. ते सुख होतं की सगळ्यांत मोठी फसवणूक? सशाला काय हवं असेल? त्याला खरं कळायला हवं असेल की नुसतं भ्यायला नको असेल? इथं येऊन तिचं शास्त्र थांबे. तापमापीची तार कुठवर जाते हे तिला माहीत होतं. तिथून पुढं काय आहे ते मोजायला काही नव्हतं, ताटलीतही नाही.

सकाळी तिनं सरांना सांगितलं, मी धरते. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. राजूच्या हातातली भीती तिनं पाहिली होती, आणि ती खरी होती. बाकी सगळं तिच्या डोक्यातलं. कोणाची झोप आणि कोणाची भीती असं तोलायचं तर सशाची भीती जड होती. पण एक तिनं ठरवलं होतं. काम झाल्यावर प्रत्येक सशाला लसूणघासाची एक काडी द्यायची तिची रीत होती. त्यांना ते पाठ होतं, कानातली सुई निघाली की ते नाक तिच्या खिशाकडं वळवत. आज तिनं घास आधी दिला. नऊ खोक्यांपुढं भारा सोडला आणि ती बाजूला उभी राहिली. त्यांनी लगेच खाल्लं नाही. क्रम चुकला होता, ते तिच्याकडं बघत राहिले, नाकं हलवत. मग एकानं काडी ओढली आणि सगळ्या खोलीत तो बारीक कुरतडण्याचा आवाज भरला. बाहेरच्यांना ते सगळे सारखेच पांढरे, सारखेच लाल डोळ्यांचे दिसत. तिला ते कळपातल्यासारखे वेगवेगळे दिसत. आबांना दोनशे मेंढरं दिसत तसे. एकाचा कान मुडपलेला. एक नेहमी डावीकडं रेलून बसे. सरांनी सुई भरली. 

पहिला ससा तिनं मांडीवर घेतला. डावा तळवा पोटाखाली, उजवा पाठीवर, नुसतं वजन. सवयीनं जीभ टाळूला लागली, आणि तिथंच तिनं ती अडवली. तो आवाज तिनं काढला नाही. आबांसाठी तिला एवढंच राखता आलं. पण हात? हात तिला बदलता येईनात. ते त्यांचं काम करत राहिले. ससा सैल झाला. त्याच कानात, त्याच शिरेत सुई गेली. सुई निघाली, आणि त्यानं नाक तिच्या खिशाकडं वळवलं. घास खाल्ला होता तरी वळवलं. तिथंच ते नाक थांबलं. मग ती ऊब तिच्या मांडीवरून हळूहळू कमी झाली, माणसाच्या अंगाइतकी झाली, आणि त्याच्याही खाली गेली. असं नऊ वेळा. कुणी ओरडलं नाही. मधे एकदा सर म्हणाले, "थांबूया का?" ती म्हणाली, "नको." दाराबाहेर काचेतून गौतमी उभी होती. ती आत आली नाही आणि गेलीही नाही. शेवटचा होईपर्यंत उभी राहिली, हात छातीशी जोडून, आणि तिचे ओठ हलत होते.

शंभूचा फोन आला तेव्हा ती हात धूत होती. "ये लवकर. आईला पुण्याला हलवा म्हणत्यात. श्वास पुरत न्हाई." जीप मिळाली नाही, गौतमीनं स्कूटर काढली.  दौंडच्या पुलाजवळ गौतमी मागं न बघता म्हणाली, "ताई, घट्ट धरा," आणि स्वप्नालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग पटकन काढून सीटच्या कडेला धरला.

दवाखान्याच्या दाराशी रुग्णवाहिका मागं लावलेली होती. आई स्ट्रेचरवर होती आणि तिनं दाराची चौकट धरून ठेवली होती, एवढ्या ताकदीनं की दोन वॉर्डबॉयना बोटं सोडवता येत नव्हती. "मला न्हाई जायाचं. न्हावऱ्याला न्या. शंभ्या, घरला ने मला." शंभू बाजूला उभा राहून डोळे पुशीत होता. एक वॉर्डबॉय स्वप्नालीला म्हणाला, "ताई, तुम्ही असं करा, तुम्ही आधी आत चढून बसा. तुम्ही दिसलात की आजी येतील बघा." त्यानं हे चांगल्या मनानं म्हटलं. रुग्णवाहिकेचा उतरता पत्रा जमिनीला टेकला होता, चाकं चढावीत म्हणून त्याच्यावर आडव्या पट्ट्या होत्या. ती पत्र्यावरून वर गेली. आत पार शेवटाला, ड्रायव्हरच्या भिंतीला लागून बसायची जागा होती. तिथं बसून तिनं हात पुढं केला. कुशाबाईंनी तिला पाहिलं, आणि त्यांची बोटं चौकटीवरून सुटली. स्ट्रेचर मुकाट वर चढलं. आईचा हात तिच्या हातात आला, आणि या वेळी तिच्या तळव्यांना तो ताप कळला. ताप होता. भयंकर ताप होता.

"चला ताई, आता तुम्ही उतरा," ड्रायव्हर बाहेरून म्हणाला. "तुम्ही पुढं, माझ्याशेजारी. मागं फक्त आमचा माणूस बसतो, तसा नियम आहे." शंभू म्हणाला, "ये अक्का, मी हात देतो." आणि त्यानं हात वर केला.

कुशाबाईंनी मान उचलली होती. नळी ताणून, हनुवटी वर करून त्या लेकीकडं बघत होत्या. ओरडत नव्हत्या. "उतरतीस व्हय?" त्यांनी विचारलं, साधंच, जसं पूर्वी वाड्यावर विचारत, पाण्याला जातीस व्हय?

आपण बऱ्या होऊन घरी येणार का, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून स्वप्नालीलाही खोटं बोलावं लागलं नाही. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई उतरत."

"ताई, नियम आहे हो," ड्रायव्हर परत म्हणाला. शंभूचा हात अजून वरच होता. स्वप्नालीनं आईचा हात डाव्या हातात घेतला, उजवा लांब केला आणि दार आतून ओढून घेतलं.